नकाशावर चढलेलं आमचं घर

आमच्या ओट्यावर रोज दुपारी जगातल्या बड्या कंपन्यांचा न्यायनिवाडा होतो. नवरा पितळी भांड्यांचं दुकान बंद करून घरी येतो, जेवतो आणि हात वाळायच्या आत ओट्यावर जाऊन बसतो. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर तोवर आलेले असतात. मग एकेका आरोपीचं नाव पुकारलं जातं. घरपोच सामान देणाऱ्या कंपनीनं दुकानाची गिऱ्हाइकं पळवली. फोनची कंपनी चोरून ऐकते. सकाळी घरात कुकर बिघडल्याचं बोलणं काय झालं, संध्याकाळी पडद्यावर कुकरच्या जाहिराती. निरोप पोचवणारी कंपनी पैसे घेत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. पोस्टमास्तरांचं म्हणणं असं, की पोस्टकार्ड उघडं असायचं पण सहसा कुणी वाचत नसे, आणि हे म्हणे कुलपात असतं पण सगळे वाचतात. आरोपी हजर नसल्यामुळे निकाल लगेच लागतो. मग त्याच फोनवर दोघं क्रिकेटचा स्कोअर बघतात.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी आतून म्हणायची आणि हसायची. आता हसू येत नाही. त्याच ओट्यावर एक दिवस शिक्षा भलत्याच माणसाला झाली. कंपनीला त्याची खबरही नाही. आम्हाला आहे, आणि मला तर उठता-बसता आहे.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. आमचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी. पण घरातली ही मराठी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या कानाला जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी वाटते. माझं थोडं वेगळं आहे. वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझी शाळेची पहिली काही वर्षं मिरजेत गेली. तिथल्या मुलींनी माझ्या बोलण्याला हसून हसून ते दुरुस्त करून टाकलं. पुढे वाचनाची सवय लागली आणि ती मराठी टिकली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझं बोलणं ऐकून सासरे सगळ्यांना कौतुकानं सांगत, की आमची सून तिकडचं बोलते. तिकडचं म्हणजे खरं, असा त्यांचा समज होता, आणि तो मी कधी मोडला नाही.

या सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांनी स्वतःकडे दोन कामं ठेवली, विठ्ठलाचा नैवेद्य आणि भजन. भजनासाठी प्रसिद्ध असलेल्या जवळच्या मरुदानल्लूर गावी लहानपणी भजनं शिकले आणि तिथेच मोठ्या माणसांच्या हाताखाली स्वयंपाकही शिकले. भजनाला बसणाऱ्यानं चुलीपुढेही बसावं, अशी त्यांची शिकवण. सासूबाई गेल्यानंतर तर रोजचा नैवेद्य तेच करतात. मी भाजी चिरून देते, नारळ खोवून देते. भात, अंबटभाजी, उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली डांगर पच्चडी, सार, ताक. पोळी आमच्या घरात आजारी माणसासाठी होते.

नैवेद्य दाखवून झाला की अप्पा दारात जाऊन उभे राहत आणि रस्त्याकडे तोंड करून एकदाच हाक मारत, "कोण तरी जेवाचे अहांत कीं? या, पान मांडलों अहें!"

ही आमच्या घरची रीत आहे. पहिला पूर्वज पायी पायी येत होता तेव्हा वाटेत लोकांनी त्याला जेवू घातलं, म्हणून या घरानं आधी हाक मारायची आणि मग जेवायचं. हाक मराठीतच मारायची. आमच्या रस्त्यावर ती कुणालाही कळत नाही. पोस्टमास्तर तिच्यावर घड्याळ लावत, फुलवाली तिच्यावर टोपली उचले, आणि बोलावूनही कुणी येत नाही म्हणून अप्पा परत फिरत. माझ्या लग्नापासून त्या हाकेला येणारं मराठी माणूस क्वचितच असायचं. तरी एक पान जास्तीचं मांडलेलं असे. ते मग कामवालीला किंवा रिक्षावाल्याला मिळे.

दोन-तीन वर्षांपूर्वी अप्पा गोविंदपुरमच्या विठ्ठल मंदिरात गेले होते. तिथे नाशिककडच्या शिक्षिकांचा एक गट भेटला. त्यांची बस बिघडली होती आणि जेवायची वेळ झाली होती. मराठी कानावर पडताच अप्पा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि जेवायला चला म्हणाले. दोन रिक्षा भरून बायका घरी आल्या. मी घाईघाईनं पुन्हा भात टाकला. बायका भल्या होत्या. पानावरचं सार ओघळायला लागलं की किंचाळत आणि हसत. अप्पांनी त्यांना भातात आळं करायला शिकवलं. निघताना पैसे देऊ लागल्या तेव्हा अप्पांनी कानांवर हात ठेवले, म्हणून त्यांनी ते विठ्ठलापुढे ठेवले. देवापुढचं देवाचं. अप्पांनी ते गोविंदपुरमच्या अन्नदानात नेऊन दिलं. त्यांतल्या एका बाईंनी घराचे, विठ्ठलाचे आणि पळी धरलेल्या अप्पांचे फोटो काढले आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमचं घर मी सगळ्यांना कळवते."

आणि त्यांनी कळवलं. कसं कळवलं ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यानंतर अप्पांच्या हाकेला माणसं येऊ लागली. आधी एक जोडपं आलं, मग एक कुटुंब, मग सांगलीचे चौघं मोटरसायकलवाले. नवग्रहांची देवळं करायला म्हणून तिकडून लोक येतात आणि कुंभकोणमात मुक्काम करतात, हे आम्हाला माहीत होतं. पण ते बरोबर आमच्या दारात येऊन विचारत, "इथे मराठी जेवण मिळतं ना?" अप्पांना या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. जेवण मिळायचंच की! ते दोन्ही हातांनी त्यांना आत ओढत. वाढता वाढता घराण्याची सगळी कथा सांगत, एखादं भजन म्हणून दाखवत. लोक ऐकत, जेवत, विठ्ठलापुढे नोटा ठेवत आणि जात.

त्या दिवसांतले अप्पा मला डोळ्यांपुढे दिसतात. दाढी रोज होऊ लागली. इस्त्रीचं धोतर, इकडची वेष्टी, दुपारसाठी राखून ठेवायला लागले.

"पाहिलीस कीं मा?" ते मला म्हणत. तमिळ वडील मुलीला म्हणतात तसं ते मला मा म्हणत. "इतके पिढ्या कोणी विचारलं नाही. आतां आपलीं माणसें वाट विचारत येतात."

पोस्टमास्तरांनाही त्यांनी तमिळमध्ये हेच सांगितलं, की विठ्ठलानं तिकडे कुणाच्या तरी स्वप्नात जाऊन आमचा पत्ता दिला असणार. एकीकडे त्यांना नकाशावाल्या फोनचंही फार कौतुक होतं. नातीनं, माझ्या मुलीनं, एकदा गाडीत तो लावला होता. त्यातली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं सांगत होती आणि नवरा हट्टानं तिचं न ऐकता भलतीकडे वळत होता. अप्पा मागून म्हणाले, "हे बाई बघ. आम्हीं चुकलों तरी ओरडत नाही. पुन्हां सांगती. अश्शी सून मिळाया पुण्य पाहिजे." मी डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "तुज नाही म्हणत, मा." सगळी गाडी हसली.

एका दुपारी चारच्या सुमाराला एक गृहस्थ बायकोमुलांसह आले. आमची जेवणं केव्हाच झाली होती, भांडी घासून पालथी होती, अप्पा झोपले होते. मी म्हटलं, "बसा, पाणी घ्या, थोडा वेळ लागेल." गृहस्थ चिडले. म्हणाले, "तुमचं टायमिंग चारपर्यंत लिहिलंय. बंद करायचं असेल तर तसं अपडेट करा ना!" आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

त्यावरच्या नकाशात आमचं घर होतं. आमचा ओटा, आमचा विठ्ठल, पळी हातात धरून हसणारे अप्पा. वर लिहिलं होतं, मराठी घरगुती भोजनालय. उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, आणि खाली पिवळे तारे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर कुणी काही बोललं तर माणूस दार लावून घरात येतं. इथे घरच रस्त्यावर मांडलेलं होतं आणि इतके महिने आम्ही त्यात बसून जेवत होतो. त्या कुटुंबाला मी दहीभात केला. गृहस्थ जेवून बिल विचारू लागले, तेव्हा मी विठ्ठलाकडे बोट दाखवलं. त्यांनी नोट ठेवली आणि मी ती ठेवू दिली.

ते गेल्यावर मी माझ्या फोनवर सगळं वाचून काढलं. बहुतेकांनी चांगलंच लिहिलं होतं. आजोबा प्रेमळ आहेत. घर स्वच्छ आहे. मग पोळी मिळत नाही, पार्किंग नाही, ठेचा मागितला तर चटणी दिली. अशा तक्रारींवर मी मनातल्या मनात भांडत होते. फुकटचं खाऊन वर ठेचा! मग एक मजकूर आला. जेवण ठीक. मालक म्हातारे आहेत आणि सारखे बोलतात. त्यांची मराठी म्हणजे मराठीची थट्टा आहे, आमच्या मुलांना हसू आवरेना. सूनबाई मात्र अगदी आपल्यासारखं शुद्ध बोलतात.

मला राग आला. अगदी कान तापले. पण खरं सांगायचं तर त्यातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं, आणि पहिल्यांदा वाचताना जो राग आला होता तो दुसऱ्यांदा वाचताना थोडा कमी होता. मिरजेच्या शाळेत ज्या मुलींनी मला हसून रडवलं, त्यांच्याकडूनच जणू शेवटी पास झाल्याचा निकाल हाती आला होता. या वयात, घरात सून यायच्या वयात, मला तो हवा होता. याची लाज त्या नोटेपेक्षा जास्त वाटली.

अप्पांना सांगायचं नाही, असं मी ठरवलं. त्यांना वाटत होतं की माणसं आपल्याला शोधत येताहेत, आणि ती येत होती भोजनालय शोधत. एवढा एक फरक. तो त्यांच्यापासून लपवला तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. पण त्यानंतर पाहुणे आले की मी अप्पांच्या आधी पुढे होऊ लागले. "अप्पा, तुम्ही वाढा, मी बोलते," असं म्हणायची. त्यांनी जुनी गोष्ट सुरू केली की मी ती आपल्या मराठीत पटकन पुरी करून टाकायची. पोळ्याही करू लागले. अप्पा म्हणाले, "कोणाला बरं नाही कीं, मा?" मी म्हटलं, "नाही, लोकांना आवडतात." त्यांनी मान हलवली आणि स्वतः एक मागून घेतली.

मग नवऱ्याला कळलं. दुकानात एक मराठी गिऱ्हाईक समई घ्यायला आलं आणि म्हणालं, तुमच्या हॉटेलात काल जेवलो. झालं! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आधीच त्या कंपन्यांवर राग, त्यात ही नकाशावाली कंपनी. मी त्या दुपारी देवळात गेले होते. परत आले तेव्हा ओट्यावर खटला रंगात आला होता. पोस्टमास्तर होते, शेजारचे दोघं होते, फुलवाली टोपली खाली ठेवून ऐकत होती. नवरा उभा राहून फोनमधला एकेक मजकूर वाचत होता आणि प्रत्येकाचं तमिळ करून सांगत होता.

"कुणाला विचारलं यांनी? माझ्या बापाचं घर आहे की यांच्या कंपनीचं? उद्या माझ्या बायकोला तारे देतील! बेशरम लोक. हे ऐका, हे ऐका पुढचं."

आणि त्यानं तो मजकूर वाचला. मराठीत वाचला, मग तमिळमध्ये सांगितला. पोस्टमास्तरांनी च्यक् च्यक् केलं, तसा त्याला आणखी चेव आला आणि त्यानं तो पुन्हा वाचला, त्या लिहिणाऱ्याच्या आवाजाची नक्कल करत. "मराठीची थट्टा म्हणे! मुलांना हसू आवरेना म्हणे!" रागानं त्याचे डोळे भरून आले होते. बापावरच्या प्रेमानंच तो वाचत होता. मी पायऱ्यांवरून हातानं खुणावलं, पुरे म्हणून. त्याला वाटलं मी त्याला पाठिंबा देते आहे.

दाराच्या आत, उंबऱ्याजवळ, अप्पा उद्यासाठी केळीची पानं फाडून पुसत बसले होते.

अप्पा पानं बाजूला ठेवून उठले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "तीं लेकरें तेच्यासाठीं हसत होतीं कीं? मी समजलों, खुश होऊन हसतात."

मी नजर खाली घातली.

"मी अणखी बोललों," ते म्हणाले. "तीं हसतात म्हणून अणखी अणखी बोललों."

मग ते आत गेले. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, ते मला त्या पायरीवर कळलं. फुलवालीनं टोपली उचलली. पोस्टमास्तर चप्पल शोधू लागले. नवरा, दुसरं काही सुचेना म्हणून, फोन हातात धरून पुन्हा कंपनीला शिव्या देऊ लागला. मी त्याला म्हटलं, "कंपनीनं नुसतं लिहिलेलं ठेवलं होतं. वाचून तू दाखवलंस." म्हटलं आणि वाटलं, मी तरी काय केलं? त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडातून काढून घेत होते, ते काय होतं?

नवऱ्यानं कंपनीला इंग्रजीत लांबलचक तक्रार लिहिली. त्यात कायदा होता, पूर्वज होते, विठ्ठल होता. उत्तर आलं नाही. शेवटी मी त्या नकाशावर आमच्या घरावर बोट ठेवलं आणि बदल सुचवा असं होतं तिथे दाबलं. कंपनीनं कारणं पुढे ठेवली. कायमचं बंद झालं आहे. दुसरीकडे हललं आहे. अस्तित्वात नाही. हे भोजनालय नाही, हे घर आहे, इथे एक म्हातारा माणूस वाट बघत असतो म्हणून जेवण असतं, असं सांगायची सोय मला त्यात सापडली नाही. असेलही, पण मला हुडकायचा धीर नव्हता. मी अस्तित्वात नाही यावर बोट टेकवलं. फार वेळ गेला नाही, आभाराचा निरोप आला. आपण सुचवलेला बदल स्वीकारला आहे, आपल्यामुळे इतरांना मदत झाली. नवऱ्याच्या कायद्याला जे जमलं नाही ते माझ्या एका खोट्यानं केलं. नवरा ओट्यावर जाऊन म्हणाला, काही म्हणा, ऐकतात पण!

लोक यायचे थांबले. तारेही गेले, तो मजकूरही गेला. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण अप्पा नैवेद्य झाल्यावर दारात जाईनात. पहिल्या दिवशी मला वाटलं विसरले. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अप्पा, हाक?" त्यांनी हातानं राहू दे अशी खूण केली आणि पानावर बसले. पोस्टमास्तर येऊन चौकशी करून गेले, की मोठ्यांची तब्येत बरी आहे ना, आज जेवायला उशीर झाला.

आणखीही एक झालं, ते लक्षात यायला मला जरा वेळ लागला. अप्पा घरात तमिळ बोलू लागले. आधी नवऱ्याशी, मग माझ्याशीही. मीठ कमी आहे, गोळी कुठे आहे, पंखा लाव, सगळं तमिळमध्ये. भजन मराठीतच म्हणत, कारण ते पाठ होतं आणि दुसऱ्याचं होतं. स्वतःचं बोलणं मात्र बंद केलं. मी मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर येई. रागावले नव्हते. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. उलट, माझ्याशी जरा जपूनच वागत होते, परीक्षकासमोर वागतात तसं.

एकदा भाजी चिरता चिरता मी धीर करून म्हटलं, "अप्पा, तुमची मराठी त्यांच्याहून जुनी आहे. त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांची आहे. तिला हसतात ते अडाणी."

अप्पा तमिळमध्ये म्हणाले, "जुनं भांडं दुकानात कशाला येतं, मा? मोडीत घालायला."

सारी हयात त्यांनी पितळ विकलं होतं. मी त्यांना माझ्या मराठीत समजावत होते, आणि ती जितकी स्वच्छ बोलावी तितके ते गप्प होत होते. मग मीही त्यांच्यासारखं बोलून पाहिलं. अहें, अहांत, पाहिजे कीं, असं. आयुष्यभर त्या घरात राहून मला ते नीट जमेना. माझ्या तोंडून ते खरंच थट्टेसारखं वाटलं. अप्पांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तसं बोलले नाही.

मागच्या महिन्यात एक जोडपं आलं. सकाळी उशिरा, घामाघूम, गल्लीत दोनदा फेऱ्या मारून. फोनवर काही सापडत नाही, पण आमच्या शाळेतल्या एक बाई येऊन गेल्या होत्या, त्यांनी दारावरच्या विठ्ठलाच्या फोटोची खूण सांगितली, असं ते म्हणत होते. मराठी जेवण मिळतं का असं त्यांनी विचारलं नाही. "इथे एक आजोबा असतात ना," बाई म्हणाल्या, "त्यांना भेटायचं होतं. आमच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलंय, ते बोलतात ते ऐकून या."

मला फार आनंद झाला. हेच तर अप्पांना हवं होतं. खरोखर त्यांनाच शोधत आलेली माणसं, नकाशाशिवाय, तारे न बघता! मी आत धावले. अप्पा चुलीपुढे होते. मी सांगितलं, तुम्हाला भेटायला आलेत, तुमचं बोलणं ऐकायला आलेत. अप्पांनी हात पुसले. बाहेर आले, हात जोडले, हसले आणि तोंडानं काही न बोलता आत या म्हणून खूण केली.

पानं मांडली. अप्पांनी स्वतः वाढलं. अंबटभाजी दोनदा वाढली, भातात आळं करून दाखवलं, सार जपून ओतलं. सगळं मुक्यानं. पाहुण्यांनी विचारलं, "आजोबा, तुमचे पूर्वज कधी आले इकडे?" अप्पांनी हसून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. "हे भजन तुम्ही कुठे शिकलात?" पुन्हा माझ्याकडे. पुन्हा मी. माझी वाक्यं एकामागून एक व्यवस्थित बाहेर पडत होती. मध्येच मी अप्पांना हळूच म्हटलं, "बोला ना अप्पा. ते त्याचसाठी आलेत." ते ताकाचं भांडं आणायला आत गेले.

ते परत आले तेव्हा बाईंनी मला थोडं संकोचून विचारलं, "आजोबांना मराठी येत नाही का हो? आमच्या शाळेतल्या बाई तर म्हणाल्या होत्या..."

येते, असं मी म्हणणार होते. शप्पथ, ओठांवर आलं होतं. पण प्रश्न अप्पांना कळला होता. ते ताक वाढता वाढता थांबले आणि मला तमिळमध्ये म्हणाले, "अव्वळवा वरादु. सोल्लु, मा." तेवढंसं येत नाही, सांग त्यांना.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अप्पाही बघत होते. त्यांनी मला एक काम सांगितलं होतं आणि पाहुण्यांसमोर मी त्यांना खोटं पाडू शकत नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "तेवढंसं येत नाही म्हणतात."

"असू दे हो," बाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं असावं. "इतक्या पिढ्या झाल्या, विसरायला होणारच. पण तुम्ही मात्र किती शुद्ध बोलता! अगदी आमच्याकडच्याच वाटता."

अप्पांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि बाईंच्या पानात आणखी थोडं ताक वाढलं. सुनेचं कौतुक झालं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.